अंगणवाडीच्या आहारानं पोटातल्या बाळाचं वजन खरंच वाढतं का?

पाटोद्याचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. बायको गावाकडं, बीड जिल्ह्यात, माझ्या आईजवळ असते. दुसऱ्या खेपेला पाचवा महिना चालू आहे. पहिली मुलगी आता तीन वर्षांची झाली. जन्मली तेव्हा 2 किलो 100 ग्रॅम होती. दिवस पूर्ण भरले होते, तरी एवढीच. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता ती ठणठणीत आहे, पण तेव्हा पैशाचे आणि जिवाचे जे हाल झाले ते परत नको वाटतात.

बायकोची उंची पाच फुटाला इंचभर कमी. दिवस राहिले तेव्हा वजन 40 किलो होतं, परवा आशाताईंनी कार्डावर 42 लिहिलं. अंगणवाडीतून आहार मिळतो. कधी कोरडं धान्य देतात, कधी तयार पिठाची पाकिटं. ती चव तिला फार आवडत नाही, पण खाते.

घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, "दोन घास कमीच खा, बाळ मोठं झालं की अडतं, मग पोट फाडावं लागतं." मेहुणा पुण्यात मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. तो म्हणतो, "सरकारी पिठानं काही होत नाही, प्रोटीन पावडरचे डबे न्या, महिन्याला दोन लागतील." दोन डब्यांचे पैसे म्हणजे माझ्या खोलीभाड्याचा मोठा हिस्सा आहे.

म्हणून नेमकं विचारतो. असल्या आहारानं जन्माच्या वेळी बाळाच्या वजनात फरक पडतो का? पडत असेल तर किती? आणि पावडर घ्यावी का?

खवचट_काका

आमच्या गावात ती पाकिटं कोंबड्या खातात. कोंबड्यांची अंडी आम्ही खातो. तेव्हा योजना यशस्वीच म्हणायची.

डोंगरकाठची

काका, कोंबड्यांचं मी नाकारणार नाही. त्यावर पुढे येते. आधी या पाहुण्यांना उत्तर.

मी पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी भागात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला नोकरीभर बैठकांमधून विचारला गेला, फक्त उलट्या बाजूने: "एवढा आहार वाटता, मग कमी वजनाची बाळं का जन्मतात?"

आकडा हवाय ना? आधीच बऱ्यापैकी जेवणाऱ्या बाईला वरून आहार दिला तर बाळाच्या वजनात फरक जवळजवळ दिसत नाही. जी खरोखर अर्धपोटी आहे तिला दिला तर सरासरी पन्नास-शंभर ग्रॅम पडतात, भूक फार असेल तर त्याहून जास्त. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याकडचं नाही, आफ्रिकेतल्या गॅम्बियाचं आहे. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांना शेंगदाण्याची बिस्किटं रोज देत होते, साधारण हजार कॅलरी आणि 22 ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढी. 1997 साली निकाल छापून आला. वर्षभराचा हिशेब धरला तर बाळांचं वजन सरासरी 136 ग्रॅमनी वाढलं. पण घरातलं धान्य संपलेलं आणि शेतात कामाची घाई, अशा जून ते ऑक्टोबरच्या काळात जन्मलेल्या बाळांत ती वाढ 201 ग्रॅम होती. सुगीनंतर 94. बिस्किट तेच. मृत जन्मलेली बाळंही कमी झाली, आणि माझ्या मते खरी कमाई ती होती.

हे वाचलं तेव्हा मला मोखाड्यातला श्रावण आठवला. आमच्याकडेही त्याच महिन्यांत कणगी रिकामी असते आणि बायका गुडघाभर चिखलात आवणी करत असतात.

आता तुमच्या पाकिटाकडे. गरोदर बाईला रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. देशाच्या पोषण संस्थेच्या 2020 च्या हिशेबाने पोटुशी बाईला रोज 350 कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे कागदावर आहार भरपूर आहे. पण तो खातं कोण? पाकीट घरी जातं, शिरा एकाच पातेल्यात होतो, आधी पोरं, मग सासरा, मग नवरा, आणि ती शेवटी पातेलं खरवडते. हा कुणाचा दुष्टपणा नाही. समोर भुकेलं पोर असताना "हे माझ्या पोटातल्याचं आहे" असं म्हणणारी आई मला तरी भेटली नाही.

म्हणूनच 2015 साली राज्याने आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना काढली. डॉ. कलामांचं नाव आहे तिला. 16 जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रात गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एकदा अंगणवाडीतच बसून गरम जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू असं. पाकीट घरी नेण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण तिथेही गंमत बघा. सुरुवातीला बायका भात-डाळ खायच्या आणि अंडं पदराच्या टोकाला बांधून घरी न्यायच्या. सेविका ओरडायची, त्या हसायच्या, अंडं पदरातच. पुढे त्याच योजनेत सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अंडी-केळी मिळायला लागली, तेव्हा पोरांचं अंडं पोरांच्या हातात आलं आणि आयांनी आपलं तोंडात घातलं. मी कितीही भाषणं दिली असती तरी हे झालं नसतं.

दुसरी मेख पैशाची. निधी वेळेवर येत नाही, गावातल्या किराणावाल्याची उधारी वाढते, मग लाडवातला शेंगदाणा कमी होतो आणि गूळ उरतो. आणि तिसरी मेख दिवाळीनंतर कळते. अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेला. हजेरीपटावर नावं, ताटाला माणूस नाही. पोटुशी बाई तिकडे विटा उचलत असते.

आता पाहुणे, दोन प्रश्न मी विचारते. बीड जिल्हा म्हणालात म्हणून पहिला. पहिल्या खेपेला सूनबाई कुठे होत्या? गावात, की ऊसतोडणीला? दुसरा, राग मानू नका. त्या मिश्री लावतात का? मुंबईत झालेल्या एका पाहणीत, 2004 साली छापलेल्या, मिश्री-तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली होती. म्हणजे आहाराने मोठ्या कष्टाने जे द्यायचं ते सकाळच्या एका बोटाने पुसून जातं. आमच्या बैठकांत यावर कुणी बोलायचं नाही, कारण निम्म्या बायका स्वतः लावणाऱ्या. सांगणाऱ्यासुद्धा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांनी अडलेल्या बाळंतपणात गेलेल्या बायका पाहिल्या असतील. तेव्हा जवळ ऑपरेशनची सोय नव्हती, बैलगाडीत जीव जायचा. पण 42 किलोच्या बाईचं बाळ जेवणाने काही चार किलोचं होत नसतं. बाई उंचीने लहान असेल तर बाळंतपण सोय असलेल्या दवाखान्यात करायचं, हा त्यावरचा इलाज. उपाशी ठेवणं हा नव्हे. आणि एक विचारा त्यांना: बाळंत झाली की डिंक, अळीव, खारीक, खोबरं, तूप, सगळं घरात येतं ना? गरीब घरातही कर्ज काढून येतं. मग बाळ पोटात वाढत असताना त्यातलं चमचाभर तूप का निघत नाही?

पावडरचं सोपं आहे. नका घेऊ. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब गरोदर बायकांना भरपूर प्रथिनांचं पेय देऊन पाहिलं होतं. 1980 साली निकाल आला: फायदा बाजूलाच, खूप लवकर जन्मलेली आणि दगावलेली बाळं त्या गटात जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 मध्ये स्पष्ट लिहिलं की अर्धपोटी वस्तीत गरोदर बाईला संतुलित आहार द्या, निव्वळ प्रथिनांचा मारा नको. पोटात पुरेसं धान्यच नसेल तर शरीर ती महागडी प्रथिनं सरपणासारखी जाळतं. दोन डब्यांच्या पैशात शेंगदाणे, गूळ, डाळ, अंडी, दूध किती येईल याचा हिशेब तुम्हीच करा.

मापाडी

डोंगरकाठच्या ताईंनी बरंच सांगितलंय. मी फक्त मापांबद्दल बोलतो, कारण काही वर्षं माझं कामच ते होतं. पोषणावरच्या एका संशोधनात नवजात बाळांची मापं घेणाऱ्या गटात होतो. वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, आणि चिमट्याने त्वचेखालची चरबी. लांबी मोजायला लाकडी फळी असते, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पाय सरळ करायचे, आणि बाळाने तोवर दोघांना भिजवायचं.

पहिली गोष्ट, तुमच्या मुलीचं 2100 खरं असेल असं मी धरतो, कारण तो आकडा गुळगुळीत नाही. आपल्याकडच्या नोंदवह्या चाळल्या तर 2500 वर बाळांची भलतीच गर्दी दिसते. 2500 च्या खाली म्हणजे कमी वजनाचं, मग कागदपत्रं, वरिष्ठांचे प्रश्न. म्हणून 2430 चं 2500 होतं. काही ठिकाणी वजन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. तोवर बाळ जन्माच्या वजनातले सात-आठ टक्के सहज गमावून बसलेलं असतं, तेही साहजिक आहे. म्हणून या वेळी जन्मल्यावर लगेच, पहिल्या तासाभरात, कपडे काढून वजन करायला सांगा आणि काट्यावरचा आकडा स्वतः बघा.

दुसरी गोष्ट, वजन म्हणजे सगळं नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5. पण बारकाईने मोजलं तर आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटाकडचा भाग फार कमी, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला काटकुळी, आतून चरबी राखून असलेली. अशांना पुढे मधुमेहाचा धोका का, याचा माग ते त्या मुलांच्या मोठेपणापर्यंत काढत आहेत.

त्याच अभ्यासात एक निष्कर्ष असा होता की आईने एकूण किती कॅलरी, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पण दूध, पालेभाज्या आणि फळं वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती, आणि पालेभाजीचा संबंध आधीच अशक्त असलेल्या आयांत जास्त ठळक होता. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण मेथी, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला यांना डब्याची गरज नाही.

पण संबंध दिसणं वेगळं आणि देऊन फरक पडणं वेगळं. म्हणून मुंबईच्या वस्त्यांत पुढचा प्रयोग झाला. साडेसहा हजारांच्या आसपास बायका. त्यांना पालेभाजी, सुकामेवा आणि दूध घातलेला रोजचा खाऊ, समोशासारखा वगैरे, दिवस राहण्याच्या आधीपासून द्यायचा आणि तिथेच खायला लावायचा. 2014 साली निकाल आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर जन्मवजनात फरक नाही. दिवस राहण्याच्या आधी किमान तीन महिने ज्यांनी खाल्ला त्यांच्यात 48 ग्रॅम. आणि त्यातही अगदी बारीक बायकांना फायदा कमी, जरा अंगाने असलेल्यांना जास्त. बारीक बाईच्या शरीराने तो खाऊ आधी स्वतःसाठी ठेवला, असा माझा अंदाज. गरोदरपणातला मधुमेह मात्र खाऊ खाणाऱ्यांत बराच कमी झाला. कुणी शोधत होतं एक, हाती लागलं दुसरं.

म्हणजे पाचव्या महिन्यात सुरू केलेला आहार वाया जात नाही, पण तो गाडी सुटल्यावर पकडण्यासारखा आहे. दोन बाळंतपणांत अंतर आणि मधल्या काळात आईचं स्वतःचं अंग भरणं, हे जास्त मोलाचं.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असते. तुमच्या प्रश्नाशी थेट नाही, पण थोडं आहे. नवरा पीएचडी करत होता तेव्हा मला दिवस गेले. त्याच्या विद्यावेतनात आमचं कसंबसं भागायचं. विद्यापीठातल्या दुसऱ्या एका मराठी मुलीने सांगितलं की इथे "विक" नावाची योजना आहे, गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. मला आधी लाजच वाटली. सरकारचं फुकट कसं घ्यायचं, सासरी कळलं तर काय म्हणतील. मग कळलं की आमच्या इमारतीतली निम्मी घरं घेतात.

एक कार्ड देतात, ते दुकानात चालतं. दूध, अंडी, कडधान्यं, शेंगदाण्याचं लोणी, गव्हाचा पाव, आणि फळं-भाज्यांसाठी ठरावीक रक्कम. नेमून दिलेलेच पदार्थ घ्यायचे. काउंटरवर चुकीच्या मापाची दुधाची बाटली आली की मागे रांग खोळंबते आणि कान लाल होतात. राजमा आणि चवळी मिळते, तूरडाळ नाही. दर भेटीत वजन, रक्तातलं लोह आणि आहाराबद्दल गप्पा. हे मला सगळ्यात आवडायचं.

मजा म्हणजे ही योजना कायमची झाली 1975 साली, आणि आपली अंगणवाडी सुरू झाली तीही 2 ऑक्टोबर 1975 ला. पन्नास वर्षं झाली, आणि इथेही लोक तेच भांडतात: हिने बाळांचं वजन वाढतं का? साधी तुलना केली तर विक घेणाऱ्यांची बाळं बरी भरतात. पण त्यात एक खोच आहे. जिचे दिवस पूर्ण भरतात तिला नाव नोंदवायला महिने जास्त मिळतात. जिला सातव्या महिन्यातच कळा आल्या तिचं नाव यादीत यायचंच राहतं. मग यादीतली बाळं आपोआप मोठी दिसणार. मापाडींनी सांगितलं तसं देऊन-न देऊन तुलना इथे आता कोण करणार, कुणाला मुद्दाम उपाशी ठेवायचं?

माझा मुलगा 2 किलो 900 चा झाला. विकमुळे की आईने पाठवलेल्या मेतकुटामुळे, ते कोण सांगणार.

खवचट_काका

मेतकुटाला पेटंट घ्या.

पाटोद्याचा_पाहुणा

एवढं सगळ्यांनी लिहिलं, आभार. ताई, राग कसला मानायचा. मिश्री ती लावत नाही, आई लावते.

पहिल्या खेपेचं विचारलंत. आम्ही दोघं तोडणीला होतो. कोयता एकच, म्हणजे आम्ही जोडी. दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिला तिसरा-चौथा असेल. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, मग फड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, मध्येच कसं थांबणार. सातवा लागला तेव्हा मुकादमाशी बोलून तिला गावी पाठवलं आणि मी भावाबरोबर सीझन काढला. तिथं अंगणवाडीचं काही नव्हतं, गोळ्याही बंद झाल्या. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, जे शिजेल ते, बहुतेक भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नंतर मी ते सोडून चाकणला आलो.

या वेळी ती घरी आहे, पण आईच्या गुडघ्यांमुळं पाणी तीच आणते. विहीर जवळ नाही. आणि शेजारच्या शेतात खुरपणीला जाते कधी कधी.

तिला चाकणला आणलं तर इथं आहार मिळेल का? खोली लहान आहे, पण नळ दारात आहे.

मापाडी

हे आधी सांगितलं असतंत तर मी पालेभाजीवर एवढं लिहिलं नसतं.

पुण्याच्या त्याच सहा गावांत कामाचाही हिशेब घेतला होता, 2003 साली तो वेगळा छापून आला. शेतकाम, विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, सगळं धरून आईच्या श्रमांचा अंदाज काढला. जितके श्रम जास्त तितकं बाळाचं वजन कमी, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेरही कमी. आईचं स्वतःचं वजन आणि बाकी गोष्टी जमेस धरूनही. आणि त्या बायका साध्या शेतकरी घरातल्या होत्या, ऊसतोडणीतल्या नव्हत्या.

2100 ग्रॅमचं कोडं मला तरी आता कोडं वाटत नाही. पूर्ण दिवसांचं तुमचं बाळ लहान का, याचं मोठं कारण ट्रकच्या त्या फळीवर आहे.

डोंगरकाठची

मला वाटलंच होतं.

म्हणजे बघा, 600 कॅलरीचं पाकीट एका बाजूने आत जाणार आणि मोळ्या, हंडे, खुरपणी दुसऱ्या बाजूने त्याहून जास्त बाहेर काढणार. मग योजना फसली म्हणून बोंब मारायला सगळे मोकळे. मी तर म्हणेन, गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवणं हीसुद्धा पोषण योजनाच आहे, पण तिला कुठल्याच वहीत रकाना नाही.

चाकणला आणायचं तर जरूर आणा. दारात नळ असणं या घडीला कुठल्याही डब्यापेक्षा मोठं. आहार मिळेल. अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर असताना आणि बाळंत झाल्यावर सहा महिने तो तिचा हक्क आहे, गाव कुठलं याचा संबंध नाही. निघायच्या आधी गावच्या सेविकेला सांगा, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर नाव दुसऱ्या अंगणवाडीला वर्ग करता येतं. आधार कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असू द्या. ते कार्ड पिशवीत दुमडून टाकू नका, बाळंतपणाला दवाखान्यात पहिलं तेच मागतात. तुमच्या खोलीच्या आसपास अंगणवाडी कुठे आहे ते आजच शोधा. औद्योगिक वस्तीत पाटी दिसत नाही, पण बहुतेक वेळा एखाद्या भाड्याच्या खोलीत असते. किराणा दुकानदाराला विचारा, त्याला नक्की ठाऊक असतं.

पैशाचंही सांगते. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला 5000 होते, ते तुम्हाला मिळाले नसावेत असं वाटतं. दुसऱ्या खेपेला फक्त मुलगी झाली तर 6000 मिळतात, एकरकमी, जन्मानंतर. त्यामुळे आत्ताच्या जेवणाचा हिशेब त्यावर मांडू नका.

खाण्याचं काही फार अवघड नाही. आहे त्या जेवणात एक जेवण वाढवा. सकाळी दहाला भाकरी-डाळ-भाजी, तेवढंच संध्याकाळी पाचला. मूठभर शेंगदाणे आणि गूळ. रोज एक अंडं, चालत असेल तर. कपभर दूध. जेवणावर लिंबू पिळायचं. पाकिटातलं पीठ तिला आवडत नाही म्हणालात, तर त्यात कांदा-कोथिंबीर घालून धिरडी करा, पोरीलाही द्या. पण तिची वेगळी करा.

लोहाची गोळी रोज, 180 दिवस पूर्ण, रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर. कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिवसा, लोहाबरोबर कधीच नाही, एकमेकींना अडवतात. चहा दोन्हींपासून लांब. शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या चुलीत टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात. काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जंताची गोळी या तिमाहीत एकदा देतात, दिली का विचारा.

वजन बघत राहा. 40 वरून सुरू झालेल्या बाईचं नवव्या महिन्यापर्यंत दहा-बारा किलो वाढायला हवं, त्याहून थोडं जास्त झालं तरी चालेल. महिन्याला दीड-दोन किलोच्या खाली राहिलं तर नर्सबाईंना दाखवा. डाव्या कुशीवर विश्रांती, दुपारी दोन तास. सासूबाईंना हे मी सांगितलं म्हणून सांगा, निवृत्त पर्यवेक्षिकेने सांगितलं म्हणा. कधी कधी एवढं पुरतं.

पाटोद्याचा_पाहुणा

पुढच्या शनिवारी सुट्टी आहे, आणायला जातो. अंगणवाडी सापडली, आमच्या मागच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. इतके महिने खालून दळण नेतोय.

आईला फोन केला. ती म्हणाली, तूप तर मी तुझ्या वेळी नवव्यात प्यायले होते, मी कुठं नाही म्हणते. मग मी काही बोललो नाही.

एक राहिलं. हिमोग्लोबिन कार्डावर लिहिलेलंच नाही. तो रकाना कोरा आहे.

डोंगरकाठची

चाकणला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या, फुकट होतं. 11 आणि वर असेल तर गोळ्या चालू ठेवा. त्याच्या खाली निघालं तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. गोळीऐवजी शिरेतून लोह द्यायचं का ते तेच ठरवतील. आणि बाई आदिवासी असो-नसो, तिथे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करत असतील तर तीही करून घ्या.